रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस : दोघांची पहिली परदेशवारी आणि दिवसाला एकच तिकीट

परदेशातलं आमचं पहिलं भांडण रोममधल्या कलोसियमच्या, म्हणजे त्या जुन्या रोमन आखाड्याच्या, दारात झालं. सकाळी व्हॅटिकन म्युझियम, दुपारी कलोसियम, संध्याकाळी ट्रेव्ही कारंजं असा बेत मीच आखला होता. म्युझियमच्या शेवटी असलेल्या सिस्टाइन चॅपेलला पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले होते. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं खपून रंगवलेलं छत आम्ही चार मिनिटांत उरकलं, कारण कलोसियमची वेळ चुकत होती. तिथे धापा टाकत पोचल्यावर नवरा म्हणाला, "आता आत तू एकटीच जा. मी इथे बसतो."

त्या रात्री उरलेल्या दिवसांचा बेत पुन्हा मांडला. नियम एकच ठेवला : दिवसाला वेळ ठरवलेलं तिकीट एकच, बाकीचा दिवस मोकळा. पुढची सहल सुधारली ती या नियमामुळे. खाली जे लिहिलंय ते ठेचा खाऊन शिकलेलं आहे. तुमची ठिकाणं वेगळी असतील, पण क्रम बराचसा हाच राहील.

१. आधी शहरं कमी करा

पहिल्यांदा जाताना "एवढे पैसे घालतोय तर पॅरिसही उरकून घेऊ" असं वाटतंच. नका करू. शहर बदलायचं म्हणजे अर्धा दिवस जातो : बॅगा भरा, खोली सोडा, स्टेशन गाठा, नवीन खोली मिळेपर्यंत बॅगा सांभाळा. नऊ-दहा रात्री असतील तर तीन शहरं पुष्कळ. आम्ही रोमला चार रात्री, फ्लॉरेन्सला तीन आणि व्हेनिसला दोन रात्री राहिलो. पुन्हा गेले तर व्हेनिसला एक रात्र वाढवेन.

विमानाचं तिकीट बघताना रोमला उतरायचं आणि व्हेनिसहून निघायचं, असं शोधा. तिकिटाच्या साइटवर 'मल्टी-सिटी' हा पर्याय असतो. जाऊन-येऊन रोमचंच तिकीट स्वस्त दिसतं खरं, पण व्हेनिसहून रोमला परतायचा रेल्वेखर्च आणि वाया गेलेला दिवस त्यात धरा, मग तुलना करा.

२. व्हिसा : सहल एक, अर्ज दोन

इटलीसाठी शेंगेन व्हिसा लागतो, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा. जोडप्याचा म्हणून एक अर्ज होत नाही. दोघांचे अर्ज वेगळे, कागदांचे संच वेगळे, आणि बोटांचे ठसे द्यायला दोघांनी जावं लागतं. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. ही शेवटची मुदत कागदावरच ठेवा. उन्हाळ्याच्या हंगामात भेटीची वेळ मिळतानाच नाकी नऊ येतात. प्रौढांसाठी व्हिसाचं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, अर्ज केंद्राचं शुल्क वेगळं.

एकाहून जास्त शेंगेन देश करणार असाल तर जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवणार त्याच्याकडे.

फाइलमध्ये प्रत्येकाचे हे कागद हवेत :

- पासपोर्ट : गेल्या दहा वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध, दोन पानं कोरी
- भरलेला आणि सही केलेला अर्ज, ठरलेल्या मापाचे नवे फोटो
- प्रवास विमा : किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत आणि सगळ्या दिवसांसाठी
- जाण्या-येण्याचं विमान आरक्षण
- प्रत्येक रात्रीचं राहण्याचं आरक्षण, दोघांची नावं असलेलं
- बँकेचे उतारे, नोकरीचं किंवा व्यवसायाचं पत्र, रजेचं पत्र
- कोणत्या तारखेला कुठे, याचा एक पानी तक्ता
- लग्नाच्या दाखल्याची प्रत

शेवटच्या कागदाला हलक्यात घेऊ नका. माझ्या पासपोर्टवर माहेरचं नाव आहे. व्हिसा व्यवस्थित मिळाला, पण कलोसियमचं तिकीट काढताना सवयीने हाताने सासरचं आडनाव टाइप केलं. ती तिकिटं नावावर असतात आणि दारात ओळखपत्र बघतात. आदल्या रात्री ते लक्षात आलं आणि तोंडचं पाणी पळालं, कारण त्या दिवसाची एकही जागा शिल्लक नव्हती. दारावरच्या बाईंनी पासपोर्ट पाहिला, दाखला उलटासुलटा करून पाहिला, खांदे उडवले आणि आत सोडलं. तुमच्या नशिबावर ठेवू नका. पासपोर्टवर जसं छापलंय तसंच नाव प्रत्येक तिकिटावर घाला.

विमा काढताना आणि अर्जात दिवस लिहिताना पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस मोजायचे असतात. विमान मध्यरात्रीनंतर असेल तर तारीख बदलते, तेवढा एक दिवस जास्तच मागा. व्हिसा हातात पडेपर्यंत पैसे परत न मिळणारं हॉटेल घेऊ नका.

आणखी एक. वाटेत फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान बदलणार असाल तर शेंगेनचं इमिग्रेशन तिथेच होतं, रोमला नाही. ऑक्टोबर २०२५ पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो नोंदवायची नवी पद्धत सुरू झाली आहे, आणि पहिल्या खेपेला त्यात वेळ जातो. दोन विमानांमध्ये तासाभराचं अंतर ठेवलंत तर पळापळ पक्की. तीन तास ठेवा.

३. कुठली तिकिटं आधी, कुठली तिथे जाऊन

आधी काढायलाच हवीत अशी फार नाहीत : कलोसियम, व्हॅटिकन म्युझियम, फ्लॉरेन्समधली उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन म्युझियमं, आणि तिथल्या कॅथेड्रलचा घुमट. कलोसियमची तिकिटं साधारण महिनाभर आधी खुली होतात आणि भराभर संपतात. त्याच तिकिटात शेजारचा रोमन फोरम (जुन्या रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइन टेकडी येते, वेगळे पैसे भरू नका.

इथला मोठा सापळा म्हणजे नाव आणि रंगरूप सारखं दिसणाऱ्या साइट. शोध घेतला की अधिकृत साइटच्या वर तीन-चार जाहिराती येतात. अठरा युरोचं तिकीट तिथे दुप्पट-तिप्पट किमतीला 'रांग टाळा' म्हणून विकतात. सुरक्षा तपासणीची रांग मात्र कुणालाच टळत नाही. एका ठिकाणी आम्हीही फसलो. पैसे भरल्यावर कळलं की ते तिकीट नव्हतंच, 'मिळाल्यास कळवू' अशी विनंती होती. पैसे परत यायला दीड महिना गेला.

आणि वार तपासा. उफ्फिझी आणि अकादेमिया सोमवारी बंद. व्हॅटिकन म्युझियम रविवारी बंद, अपवाद महिन्यातल्या शेवटच्या रविवारचा : त्या दिवशी फुकट, म्हणून गर्दी विचारू नका. बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असते, तेव्हा सेंट पीटर्स चर्च दुपारपर्यंत पर्यटकांना मिळेल असं धरू नका.

४. खोली

स्टेशनपासून चालत जाता येईल आणि लिफ्ट असेल अशी खोली शोधा. जुन्या शहरांतल्या इमारती जुन्याच असतात. तिथला पहिला मजला म्हणजे तळमजल्यावरचा, हे खरं, पण मध्ये अर्धा मजला कधी घुसलेला असेल सांगता येत नाही. आरक्षण करताना 'लिफ्ट' हा शब्द डोळ्यांनी वाचा, गृहीत धरू नका.

साइटवर दिसणाऱ्या भाड्यात पर्यटन कर बहुधा नसतो. तो माणशी, दर रात्री, हॉटेलवर द्यावा लागतो आणि कुठे कुठे रोखच मागतात. दोघांचे तीन शहरांतले मिळून आकडा बराच मोठा होतो.

५. बॅगा

प्रत्येकी एक मध्यम बॅग आणि पाठीवर एक. दोघांचे कपडे दोन्ही बॅगांत निम्मे निम्मे घाला. एक बॅग विमानकंपनीने हरवली तरी दोघांनाही उद्याचा जोड राहतो. कार्डांचंही तसंच : दोघांकडे वेगवेगळ्या खात्याचं एक एक कार्ड, आणि एक तिसरं खोलीत. पासपोर्टच्या, व्हिसाच्या आणि तिकिटांच्या प्रती दोघांच्याही फोनमध्ये, नेट नसताना उघडतील अशा. आमची सगळी तिकिटं माझ्या फोनमध्ये होती आणि एकदा फोनच बंद पडला, तेव्हा कळलं.

बूट घरी महिनाभर वापरलेले हवेत. रोममधले रस्ते चौकोनी काळ्या दगडांचे, टाचा आणि चाकं दोन्ही अडकतात. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, बायकांचेही आणि पुरुषांचेही. एक पातळ ओढणी पिशवीत असली की काम होतं. हाफ पँटवाल्या नवऱ्यांनी मात्र विचार करून निघावं.

कार्डाने पैसे देताना यंत्र विचारतं, युरोत देणार की तुमच्या चलनात? नेहमी युरो निवडा. दुसऱ्या पर्यायात तिथला दर यंत्रवाला लावतो, आणि तो तुमच्या फायद्याचा नसतो.

६. रोम

फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी या मुख्य स्टेशनला थेट गाडी जाते, ३२ मिनिटं लागतात. टॅक्सीला जुन्या तटबंदीच्या आतल्या भागापर्यंत ठरलेला दर आहे. तो पांढऱ्या, छतावर पाटी असलेल्या टॅक्सीला लागू होतो, आतमध्ये "टॅक्सी, टॅक्सी" म्हणत मागे लागणाऱ्याला नाही.

पहिल्या दिवशी काहीच तिकीट काढू नका. खिशात रिकामी बाटली ठेवा आणि चाला. रस्त्याकडेला लोखंडी, वाकड्या नाकासारखी तोटी असलेले छोटे नळ दिसतील. नासोने म्हणतात त्यांना, म्हणजे मोठं नाक. पाणी चोवीस तास वाहतं, थंड आणि पिण्याचं. बाटली भरायची तर तोटीखाली धरा. नुसतं प्यायचं असेल तर तोटीचं तोंड बोटाने दाबा, वरच्या बारीक भोकातून कारंज्यासारखी धार उडते. आम्ही पहिल्यांदा दाबलं तेव्हा धार थेट नवऱ्याच्या चष्म्यावर.

पँथिऑन या जुन्या रोमन देवळाला पाच युरो पडतात आणि तेवढ्यात रोममध्ये इतकं काही मिळत नाही. हेड्रियन बादशहाच्या काळातली, सुमारे १२६ सालची वास्तू. घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक पुरा गोल मावतो. काँक्रीटचा आहे, आत पोलादाची एक सळई नाही. डोक्यावरचं भोक उघडंच असतं. पाऊस आला की आत पडतो, म्हणून फरशीला किंचित उंचवटा आहे आणि पाणी जायला बारीक छिद्रं आहेत. सगळे वर बघत असतात, तुम्ही एकदा खालीही बघा.

तिथून पाच मिनिटांवर सान लुईजी देई फ्रांचेझी हे चर्च आहे. प्रवेश फुकट, दुपारी काही तास बंद. डावीकडच्या शेवटच्या देवळीत चित्रकार काराव्हाजोची तीन चित्रं आहेत, त्यातलं येशूकडून मॅथ्यूला बोलावणं आलं तो प्रसंग १५९९-१६०० मधला. देवळी अंधारी असते. बाजूच्या पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो. आम्ही पोचलो तेव्हा वीसेक माणसं अंधारात गप्प उभी होती, प्रत्येक जण दुसऱ्याच्या खिशाकडे बघत. शेवटी एका आजीबाईंनी नाणं टाकलं. टक्क आवाज झाला, प्रकाश आला, आणि भिंतीवरून येणारा तो तिरपा उजेड चित्रातला की दिव्यातला, क्षणभर कळेना. मग दिवा विझला आणि पुन्हा सगळे गप्प. सुटी नाणी जवळ ठेवा, इतकंच.

रोमन फोरममध्ये सावली जवळजवळ नाही आणि पाट्या कमी. आधी थोडं वाचून जा, नाहीतर पडके खांब मोजत बसाल. संध्याकाळी कॅपिटोलाइन टेकडीवरच्या महापालिकेच्या इमारतीशेजारून मागे गेलात की सगळा फोरम खाली पसरलेला दिसतो, तिकिटाशिवाय.

पाकीटमारांची भीती घालत नाही, पण तेर्मिनीहून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस त्यासाठी नावाजलेली आहे. मनगटात दोरा बांधणारे, गुलाब हातात कोंबणारे, सह्या मागणारे यांच्याशी थांबून बोलायचं नाही. नकार देतानाही चालत राहायचं. आणि स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवर बसू नका. २०१९ पासून तिथे बसायला बंदी आहे, शिट्ट्या वाजतात.

७. आगगाडी

वेगवान गाडीने रोम ते फ्लॉरेन्स दीड तास, फ्लॉरेन्स ते व्हेनिस दोन तासांच्या थोडं वर. आधी काढली तर तिकिटं बरीच स्वस्त पडतात, मात्र ती त्याच गाडीला चालतात.

स्टेशनावर फ्लॉरेन्स असं कुठेही लिहिलेलं नसतं. फिरेंत्से असतं. व्हेनिसचं व्हेनेत्सिया. शिवाय फलकावर गाडीचं शेवटचं स्टेशन दाखवतात. तुमची गाडी मिलानला जाणारी असेल तर 'मिलानो' दिसेल आणि तुम्ही फिरेंत्से शोधत राहाल. म्हणून गाडीचा नंबर पाठ करा आणि तोच शोधा. 'बिनारिओ' म्हणजे फलाट, आणि तो कधी कधी सुटायच्या दहा मिनिटं आधी लागतो.

फ्लॉरेन्सला उतरायचं ते सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशन. काही गाड्या काम्पो दि मार्तेला थांबतात, ते गावापासून थोडं बाजूला आहे. साध्या लोकल गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्या. शिक्का नसेल तर तिकीट असूनही दंड होतो. 'शोपेरो' हा शब्द दिसला तर समजा संप. इटलीत संप आधी जाहीर करून करतात, त्यामुळे प्रवासाच्या आदल्या आठवड्यात एकदा तपासावं.

८. फ्लॉरेन्स

गाव छोटं, सगळं पायी होतं. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने १४२० ते १४३६ या काळात उभारलेल्या कॅथेड्रलच्या घुमटावर ४६३ पायऱ्या चढून जाता येतं, लिफ्ट नाही. घुमट दोन थरांचा आहे आणि वाट त्या दोन कवचांच्या मधून जाते. भिंत अंगावर कलत येते. बंद जागेची भीती असेल तर एकाने खाली थांबावं, त्यात कमीपणा नाही. दिलेली वेळ चुकली तर आत सोडत नाहीत.

अकादेमियातला मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे, फोटोत ते कळतच नाही. मागच्या बाजूला जाऊन त्याच्या पाठीत धरलेली गोफण बघा. सिन्योरिया चौकात उभा असलेला डेव्हिड ही नक्कल आहे. मूळ पुतळा १८७३ मध्ये तिथून हलवला. उफ्फिझी म्हणजे कचेऱ्या. वासारी या वास्तुकाराने १५६० मध्ये सरकारी कचेऱ्यांसाठीच बांधायला घेतलेली ती इमारत आहे. सगळी दालनं बघायचा हट्ट धरू नका. आम्ही प्रत्येकी पाच चित्रं निवडली आणि एकमेकांना दाखवली.

गल्ल्यांतून फिरताना भिंतींवर, कधी डोक्याच्याही वर, एक पाटी आणि आडवी रेघ दिसते : ४ नोव्हेंबर १९६६. आर्नो नदीचा पूर त्या दिवशी तिथवर चढला होता.

९. व्हेनिस

व्हेनिसला दोन स्टेशनं. मेस्त्रे हे जमिनीवरचं, सांता लुचिया हे बेटावरचं, शेवटचं. आम्ही बॅगा घेऊन मेस्त्रेला उतरून मोकळे झालो आणि कालवे शोधू लागलो. समोर बस डेपो. पुढची लोकल धरून दहा मिनिटांत खऱ्या स्टेशनला पोचलो. सांता लुचियाच्या दारातून बाहेर पडलं की पायऱ्यांखाली सरळ मोठा कालवा. तो क्षण चुकवायचा नाही तर शेवटपर्यंत बसून राहा.

चारशेहून जास्त पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. खोली घेताना विचारायचा प्रश्न असा : जवळचा बोटीचा धक्का कोणता आणि तिथून मध्ये पूल किती? पत्त्याचा उपयोग नाही, कारण शहराचे सहा भाग आहेत आणि घरांचे नंबर भागाप्रमाणे हजारांत जातात, रस्त्याप्रमाणे नाही. अरुंद गल्ल्यांत फोनचा नकाशाही गोंधळतो. भिंतींवरच्या रियाल्तो पुलाच्या आणि सान मार्को चौकाच्या पिवळ्या पाट्या जास्त भरवशाच्या.

व्हापोरेत्तो, म्हणजे बोटीच्या बसचं तिकीट ७५ मिनिटांचं, साडेनऊ युरो. दोन-तीनदाच बसणार असाल तर ठीक, नाहीतर दिवसाचा पास घ्या. गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आहे, आणि तो बोटीचा, माणशी नव्हे. एवढे घालवायचे नसतील तर मोठा कालवा ओलांडणारी त्रागेत्तो नावाची होडी दोन युरोत पलीकडे नेते. दोन मिनिटांचा प्रवास, पण पाणी तेच.

ठरावीक दिवशी फक्त दिवसापुरतं येणाऱ्यांना २०२४ पासून प्रवेश शुल्क लागतं. मुक्काम करणाऱ्यांना माफ आहे, पण त्याची ऑनलाइन नोंद करून कोड जवळ ठेवावा लागतो. मुक्काम कराच. संध्याकाळी दिवसाचे पाहुणे गेले की गल्ल्यांत पावलांचा आवाज ऐकू यायला लागतो.

१०. दोघांनी ठरवून घ्यायचं

आमच्यात नवरा प्रत्येक पाटी वाचतो आणि मी दालनात एक फेरी मारून बाहेर. दोन दिवस एकमेकांना ओढत होतो. मग ठरवलं : म्युझियममध्ये शिरल्यावर सुटायचं, दीड तासाने अमुक पुतळ्याशी भेटायचं. फोनवर भिस्त ठेवायची नाही, ठिकाण आणि वेळ तोंडी. रोज एक गोष्ट एकाच्या पसंतीची, दुसऱ्याने कुरकुर न करता यायचं. आणि दुपारी दोन ते चार खोलीवर किंवा बाकावर. भूक लागल्यावर हॉटेल शोधायला निघालात की भांडण ठरलेलं, म्हणून जेवायची जागा सकाळीच बघून ठेवा. बिलात माणशी 'कोपेर्तो' नावाची रक्कम दिसेल, ती बसण्याची, फसवणूक नव्हे. कॉफी काउंटरवर उभ्याने प्यायलात तर टेबलापेक्षा स्वस्त.

११. परतीचा दिवस

विमानतळाची बस व्हेनिसमधल्याच पियात्साले रोमा या बसच्या तळावरून सुटते. खोलीपासून तिथवर बॅगा घेऊन किती वेळ लागतो ते आदल्या दिवशी रिकाम्या हाताने चालून बघा आणि त्यात निम्मा वेळ वाढवा. सकाळचं विमान असेल तर पहिल्या बोटीची वेळ आदल्या रात्रीच धक्क्यावर वाचून घ्या. तातडीचा नंबर संपूर्ण युरोपात ११२, तो दोघांनाही पाठ असू द्या. आम्हाला लागला नाही. बस सुटायला वीस मिनिटं होती, दोन्ही बॅगा माझ्या हातात, आणि नवरा मागच्या पुलावर उभा राहून पाटी वाचत होता.